हुरड्याच्या मांडवात गॅसच्या छत्र्या घ्याव्यात का?

गुळभेंडी | ११ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सोलापूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमची शेती आहे, ज्वारी आणि थोडी तूर. चार वर्षं झाली, डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा पार्टी करतो. शनिवार-रविवारी साठ-सत्तर माणसं, एरवी वीस-पंचवीस. दिवसा काही अडचण नाही. पण गेल्या वर्षीपासून संध्याकाळची माणसं वाढलीत. सातला येतात, दहापर्यंत बसायचं म्हणतात, आणि साडेआठ वाजले की बायका पोरांना घेऊन गाडीत जाऊन काचा वर करतात. माळ उघडा आहे, वारं अडवायला काही नाही.

पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, तिकडं गच्चीवरच्या हॉटेलांत असतात तसल्या गॅसच्या छत्र्या घे. खाली सिलिंडर, मधे खांब, वर पालथ्या परातीसारखी टोपी. चार पुरतील म्हणतो. वडील म्हणतात आगटी आहे की, अजून कशाला आग पाहिजे. पण आगटीच्या धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करतं. मुलगी नववीत आहे, ती म्हणते पप्पा, फ्रान्समध्ये यावर बंदी आहे, तुम्ही घेऊ नका. तिचं खरं आहे का? कुणी वापरल्या असतील तर सांगा. खर्च, गॅस, धूर, सगळंच.

कडक_भाकरी | ११ डिसेंबर, रात्री १०:३१

सोलापुरात हीटर! मावसभावाला म्हणावं मे महिन्यात ये, आमच्या पत्र्याखाली बसवतो, फुकट.

निवृत्त_बॉयलर | ११ डिसेंबर, रात्री ११:४०

मालक, घ्यायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत. मी एकतीस वर्षं बॉयलरवर होतो, सायझिंग (सुताला खळ लावायच्या) आणि डाईंगच्या कारखान्यांत. पेटवलेली आग कुठं जाते एवढंच बघण्यात नोकरी गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या छत्रीवर बहुतेक १२ ते १४ किलोवॉट लिहिलेलं असतं. एक किलो एलपीजी जळाला की साधारण पावणेतेरा युनिट उष्णता निघते. म्हणजे ज्योत पूर्ण ठेवली तर तासाला एक किलो गॅस गेला. तुमच्या चार छत्र्या, रोज तीन तास, हंगामात धरा चाळीस रात्री. ४८० किलो. १९ किलोचे पंचवीस व्यावसायिक सिलिंडर. (घरातला १४.२ किलोचा लावायचा विचारसुद्धा करू नका, धंद्याला तो चालत नाही.) महिना-दीड महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या चार घरांचा वर्षभराचा स्वयंपाक तुम्ही चाळीस रात्रींत आभाळाला वाढणार.

आभाळाला म्हणतो, कारण गरम हवा वर जाते. खोलीत ती छताला अडते, तुमच्या माळावर तिला अडवणारं कोण? माणसाला शेक लागतो तो फक्त वरची जाळी लाल होते तिच्या झळीचा, आपण उन्हात उभं राहिल्यावर लागतो तसा. ती परात त्यासाठीच असते, झळ खाली परतवायला. बाकी जळालेल्यातलं बरंचसं टोपीच्या कडेनं निघून जातं. त्यात वारं असलं तर बोलायलाच नको.

आता मुलीचा मुद्दा. एक किलो गॅसमागे साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो. म्हणजे एक छत्री तासभर पेटली की मोटारसायकलवर सोलापूरहून पंढरपूर गाठल्याएवढं. आणि तुम्ही जागेवरच.

मोहोळचा_माणूस | १२ डिसेंबर, सकाळी ७:०५

काका, हिशोब पटला. पण एका हुरडेवाल्याच्या चार छत्र्यांनी पृथ्वी तापते का? वर्षाला दीड टन होतंय. तेवढं मुंबईहून लंडनला विमानानं जाऊन येणारा एकटा माणूस करतो. शेतकऱ्यानं चार पैसे मिळवायचे म्हटलं की सगळ्यांना पर्यावरण आठवतं.

निवृत्त_बॉयलर | १२ डिसेंबर, सकाळी ७:५०

पृथ्वीचं मी बोललोच नाही. पंचवीस सिलिंडरचं बिल कोण भरणार ते बोललो. व्यावसायिक गॅसचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, तो बघून पंचवीसनं गुणा आणि मग ताटामागे किती पडतात ते काढा.

रिकामा_प्रवासी | १२ डिसेंबर, सकाळी ९:२२

फ्रान्सचं खरं आहे, पोरीला शाबासकी द्या. तिथं कॅफेबाहेर फुटपाथवर टेबलं मांडायची पद्धत आहे. हिवाळ्यात तिथं गॅसच्या नाहीतर विजेच्या शेगड्या लावायचे. रेन शहरानं २०२० च्या जानेवारीपासूनच बंद केल्या. देशभरची बंदी करोनात हॉटेलवाल्यांना सवलत म्हणून पुढं ढकलली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, उघड्यावरची हवा तापवायची नाही, मग गॅसनं असो की विजेनं. युरोपच्या संसदेत तर २००८ मध्येच या छत्र्या बंद कराव्यात असा सूर निघाला होता. चारी बाजूंनी बंद असलेल्या मांडवाला सूट आहे.

म्हणजे तिथले लोक कॅफेबाहेर बसायचे थांबले असं नाही. कोट घालून बसतात.

तीन_फेज | १२ डिसेंबर, दुपारी १:१५

मी वायरमन आहे. गॅस नको तर विजेच्या इन्फ्रारेड हीटरची दांडी बघा. दीड-दोन किलोवॉटची येते, भिंतीला नाहीतर मांडवाच्या आडव्या वाशाला लावायची. बटण दाबलं की लगेच झळ, हवा तापवत बसत नाही, समोर बसलेल्यालाच लागते. गिऱ्हाईक उठलं की बंद.

पण फुकट नाही. सहा दांड्या म्हणजे १२ किलोवॉट. तुमचा मंजूर भार किती आहे ते आधी बघा. शेतीपंपाच्या जोडणीवर लावाल तर वेगळीच गरमी होईल, सांगून ठेवतो. तीन तास, चाळीस रात्री, १४४० युनिट.

आणि विजेला धूर नाही हे अर्धंच खरं. धूर फक्त आपल्या डोळ्यांपुढं नाही. आपल्या इथंच फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे, हवा स्वच्छ असली की चिमणी बऱ्याच लांबून दिसते. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर एका युनिटमागे अजून ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे हंगामाला एक टन. गॅसपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. सोलर लावलंय म्हणाल तर हुरडा रात्री आठला आहे.

कडक_भाकरी | १२ डिसेंबर, दुपारी १:४०

एवढा अभ्यास आमच्या पोरानं दहावीला केला नाही बे.

तांब्याचा_बंब | १२ डिसेंबर, रात्री ९:०३

आगटीच्या धुराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या माहेरी अंगणात बंब होता, तांब्याचा, मधे नळी, खाली जाळी. पहाटे पाचला आई उकिडवी बसून चिपाडं आणि गोवऱ्यांचे तुकडे घालायची. नळीच्या तोंडावर लोखंडी झाकण असायचं, ते चिमट्यानं सरकवलं की पिवळट धूर भसकन तोंडावर यायचा. आम्हा सात जणांच्या अंघोळी होईपर्यंत ती तिथंच. दर शनिवारी चिंच लावून बंब असा लखलखीत घासायची की त्यात तोंड दिसावं. पण तिचा खोकला दिवाळीला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. डॉक्टर म्हणायचे थंडी बाधली. ती कधी विडीला शिवली नाही, चूल आणि बंब एवढंच. आता वाटतं थंडीचा काय दोष.

उघड्यावर आहे म्हणून धूर लागत नाही असं नसतं. तुमच्या आगटीपाशी कणसं भाजायला जी बाई दिवसभर बसते तिला विचारा. गिऱ्हाईक तीन तास कुरकुरतं, ती तीन महिने बसते.

गुळभेंडी | १२ डिसेंबर, रात्री ९:४८

ताई, ती बाई म्हणजे आमच्या चुलती. तुमचं वाचून दाखवलं. "डोळ्याला पाणी येतंय, चालायचंच" म्हणाल्या. मला बरं वाटलं नाही.

निवृत्त_बॉयलर | १३ डिसेंबर, सकाळी ६:३०

धूर म्हणजे न जळालेलं जळण, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पांढरा धूर निघतोय म्हणजे जळणात ओल आहे किंवा आग अजून थंड आहे. काळा निघतोय म्हणजे वारा पुरत नाही. चिमणीच्या तोंडाला फिकट झळ तेवढी दिसली की भट्टी बरोबर चालली.

आगटीला तीन गोष्टी करा. गोवऱ्या गेल्या उन्हाळ्यातल्या, खडखडीत वाळलेल्या घ्या. दोन एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर त्या ठेवून द्या. दुसरं, खालून पेटवू नका. खाली गोवऱ्या रचा आणि वरच्या थराला आग द्या. आग वरून खाली उतरते, खालचा धूर वरच्या ज्योतीतूनच बाहेर पडतो आणि तिथं जळून जातो. सवय नसते म्हणून सगळे खालून काडी लावतात. तिसरं, गिऱ्हाईक सातला येणार तर आगटी सहाला पेटवा. सातला नुसता निखारा पाहिजे. हुरडा तसाही ज्वाळेवर भाजत नाहीत, निखाऱ्यात कणसं खुपसतात.

एक लक्षात ठेवा. निखाऱ्याला धूर नसतो पण कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. उघड्यावर काही होत नाही. वारं लागतंय म्हणून मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री मारली आणि आत घमेल्यात निखारे ठेवले, तर पहिल्यांदा डोकं दुखेल, मग मळमळेल, आणि माणूस म्हणेल हुरडा जास्त झाला. गॅसच्या छत्रीलाही हेच लागू. एक तरी बाजू सताड उघडी ठेवा.

माणिक_चमन | १३ डिसेंबर, दुपारी १२:१०

उघड्यावर हवा तापवण्याचा विषय निघालाय तर द्राक्षवाल्यांचं ऐका. आमची बाग नान्नजच्या बाजूला. (सोनाका आणि शरद सीडलेस या जाती जिथल्या, तेच नान्नज. एवढी फुशारकी मारू द्या.) पारा दहाच्या खाली उतरला की मण्यांची फुगवण थांबते, आणि गोड भरत आलेला मणी तडकतो. मग पहाटे तीनला उठून बांधाबांधानं शेकोट्या. ओला पालापाचोळा टाकून मुद्दाम धूर करायचा, धुराचं पांघरूण बसतं म्हणून. वडिलांनी केलं, मीही केलं.

नंतर कळलं, पांघरूण वगैरे काही नाही. कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागांत १९१३ च्या कडाक्यानंतर लोकांनी तेल जाळणारी धुरांडी झाडाझाडांत मांडली होती. थंडीच्या सकाळी गावं काळी व्हायची. तपासल्यावर निघालं की झाडाला वाचवतो तो विस्तवाचा शेक, धुराचा उपयोग जवळपास नाहीच. धुराचे कण जमिनीतून रात्री निघून जाणारी उष्णता अडवायला फार बारीक पडतात. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवतो, बाग तापायला उशीर. पुढं तिथं मोठे पंखे आले.

पंखे कशाला, तर निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खाली बसते आणि दहा-पंधरा मीटरवर तिच्यापेक्षा उबदार थर असतो. पंखा तो थर खाली ओढतो. तोच थर झाकणासारखा बसतो म्हणून तर थंडीत सकाळी धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो. हिवाळ्यात जाळलेली एक पाटी उन्हाळ्यातल्या दोन पाट्यांपेक्षा जास्त नडते ती यामुळं.

आता मी पहाटे ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी वरच्या मातीपेक्षा कोमट असतं, ओली माती उष्णता धरून ठेवते. शेकोटी बंद केली असं छातीठोक नाही सांगत. गेल्या जानेवारीत एक रात्र हात थरथरायला लागल्यावर पेटवलीच. पण ती आमच्यासाठी, बागेसाठी नाही.

मोहोळचा_माणूस | १३ डिसेंबर, दुपारी १२:५५

हे मात्र नवीन कळलं. आमच्या भावकीत अजून टायर जाळतात बागेत.

माणिक_चमन | १३ डिसेंबर, दुपारी १:०२

टायर नका हो. घडावर काजळी बसते ती वेगळीच, आणि तीच घशात.

साचेवाला | १४ डिसेंबर, रात्री १:२७

रात्रपाळीतनं लिहितोय. गच्चीवरच्या छत्र्या आणि द्राक्षं, सगळं वाचलं. आमचे वडील एका कारखान्यात वॉचमन आहेत, नाव घेत नाही. गेटवर पत्र्याची चौकी, दार नाही. रात्री शेकायला काय? सुताचे रिकामे कोन, कटिंगच्या चिंध्या, पॅकिंगचं प्लास्टिक. टॉवेलाची चिंधी सुती असली तर बरी, पॉलिस्टर असली तर वितळून थेंब थेंब पडतात, काळा धूर येतो, घशाला लगेच कळतं. सकाळी घरी आले की स्वेटरला जो वास असतो तो दोनदा धुतला तरी जात नाही.

कायदा माहीत आहे मला. हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड सांगितलाय. दंड वडिलांनी भरायचा का मालकानं? दिल्लीत थंडीत हवा बिघडली की सोसायट्यांना सांगतात, रखवालदारांना विजेचा हीटर द्या म्हणजे ते शेकोटी करणार नाहीत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आपलं सोलापूरही आहे. मग इथं एक हीटर द्यायला काय होतं?

तीन_फेज | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

दादा, तुझं बरोबर आहे. एक किलोवॉटची दांडी चौकीला पुरते, आठ तासाला आठ युनिट. बंद चौकी असती तर त्याहून निम्म्यात भागलं असतं. आधी दार बसवायला सांग, हीटर नंतर. दार मिळालं तर मी येऊन दांडी फुकट लावून देतो.

तांब्याचा_बंब | १४ डिसेंबर, सकाळी ८:४५

दार मिळालं तर आत काही पेटवायचं नाही हेही वडिलांना सांग हो.

गुळभेंडी | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

ठरवलं की विकत घ्यायच्या आधी एक छत्री भाड्यानं आणून बघायची. मांडववाल्याकडे एक निघाली, लग्नासाठी ठेवलेली. शनिवारी लावतो. कांदे मोजायचा काटा आहे, त्यावर सिलिंडर आधी आणि नंतर ठेवतो. काका, तुमचा किलो खरा निघतो का बघू.

कडक_भाकरी | १५ डिसेंबर, रात्री १०:२६

काका घाबरले.

गुळभेंडी | २१ डिसेंबर, सकाळी ११:१५

काका जिंकले. तीन तासांत दोन किलो सातशे ग्रॅम गेला, आणि मधे तीन वेळा वाऱ्यानं विझली होती ते धरून. सिलिंडरच्या बाहेरून दव धरलं, हात लावला तर मटक्यासारखा गार. शेवटी शेवटी ज्योत लहान झाली.

आणि माणसं तिच्याभोवती एसटीच्या थांब्यावर उभी राहावीत तशी उभी. कपाळ तापतंय, पाठ गार. जी बसली होती ती बसलेलीच राहिली, त्यांना काही कळलंच नाही छत्री आहे म्हणून. एक आजोबा म्हणाले, "हे कोंबड्यांचं आहे काय?"

आगटी मात्र वरून पेटवली. पहिल्यांदा विझली, दुसऱ्यांदा जमली. पहिली वीस मिनिटं धूर, मग नाही. चुलती काही बोलल्या नाहीत, पण पदर तोंडाला लावला नाही.

आता पुढं काय करू? छत्री परत दिली.

माणिक_चमन | २१ डिसेंबर, दुपारी १२:०५

वारं अडव. तूर निघाली असेल तर तुराट्यांचा कूड घाल उत्तरेला आणि पूर्वेला, माणूसभर उंच. वारं थांबलं की सोलापुरात थंडी अशी राहते कुठं? आगटीपासून लांब घाल मात्र, ठिणगी गेली तर कूड भडकन जाईल. पाण्याचे दोन हंडे भरून ठेव.

निवृत्त_बॉयलर | २१ डिसेंबर, दुपारी २:३०

आणि मालक, तुम्ही सोलापूरचे. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर इथं विणली जाते आणि तुम्ही हवा तापवायला निघालात. हवा नका तापवू, माणूस गुंडाळा. प्रत्येकाला एक चादर द्या. तिला सिलिंडर लागत नाही.

मोहोळचा_माणूस | २१ डिसेंबर, दुपारी २:४१

हे मला सुचायला पाहिजे होतं.

गुळभेंडी | १९ जानेवारी, रात्री ९:३०

उशीर झाला, संक्रांतीच्या आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत वेळ मिळाला नाही. बाहेरगावचे पाहुणे गड्डा बघून थेट इकडं यायचे.

कूड घातला. तुराट्या घरच्या, दोन गडी, एक दिवस. आतल्या बाजूला बसलं की मेणबत्तीची ज्योत सरळ राहते एवढा फरक पडलाय. बैठक गाद्यांवरून उचलून बाजांवर घेतली, कारण खालची जमीन गार पडते हे चुलतीनंच दाखवलं. चाळीस चादरी आणल्या ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडून, थोडा डाग असलेल्या, म्हणून स्वस्त पडल्या. माणसं दहापर्यंत बसतात, एकदा तर साडेअकरा झाले आणि मलाच उठवावं लागलं. निम्मी विचारतात चादर विकत देता का. विकायला लागलो तर हुरडा राहील बाजूला.

एका चादरीला ठिणगीनं भोक पडलं. पोरांच्या हातात आगटीजवळ देत नाही आता.

मुलगी म्हणते तिच्या वर्गात सांगणार आहे. मी म्हटलं सांग, पण छत्री आणली होती ते नको सांगू. तिनं तेच आधी सांगितलं.

आता शेवटचं काम. चाळीसपैकी अडतीस परत आल्यात. गेल्या रविवारी पांढऱ्या गाडीतून आलेली मंडळी हे वाचत असतील तर एक चादर ठेवून घ्या, माझ्याकडून भेट. पण निळ्या मोराची आमच्या आईची होती, ती गर्दीत चुकून दिली गेली. ती तेवढी आणून द्या.